दान आणि नजर

दान द्यावे कसे, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. दान मागावे कसे, याची त्या मानाने फार थोडी. तंजावरच्या वास्तव्यात हा दुसरा प्रश्न आमच्यापुढे अचानक उभा राहिला.

16 नोव्हेंबर 2018 रोजी पहाटे ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले आणि ओरत्तनाडू, पट्टुकोट्टै या भागांतील नारळीच्या बागा आडव्या झाल्या. नारळीचे रोप लावल्यावर फळासाठी कित्येक वर्षे वाट पाहावी लागते. एका रात्रीत गेलेले उत्पन्न एका हंगामात परत येत नाही. बागाईतदारांसाठी काही करावे म्हणून आम्ही कचेरीतील चार मराठी मंडळी, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहून आपली जुनी मराठी जपणारे काही तंजावरकर, यांनी मिळून आट्यापाट्यांचा सामना तिकीट लावून खेळण्याचे ठरविले.

चेंडू नाही, फळी नाही. फक्कीने आखलेल्या पाट्या, त्या अडविणारे गडी, मधल्या लांब पाटीवर धावणारा सूर, आणि सर्वांना हुलकावण्या देत पलीकडे जाऊन परत येणारे प्रतिपक्षी, एवढाच हा खेळ. वृद्ध तमिळ प्रेक्षकांनी पाहताक्षणी ओळखले, ‘अरे, ही तर आमची किळित्तट्टू!’ खुर्चीत बसून जड झालेले आमचे देह धडाधड कोसळू लागले, तसा हशा वाढत गेला.

सामन्यानंतर आमच्यांतील एकाने शंका काढली: ‘हे दान कसले? त्यांनी करमणूक विकत घेतली. आपण मौज केली. त्याग कोणी केला?’ शंका हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी संयुक्त ‘मानापमान’ केले, तेव्हा रसिक स्वराज्यासाठी आले होते की गाण्यासाठी? बहुधा दोन्हींसाठी. पैसा सत्कार्यी लागला, एवढे उत्तर मात्र पुरेसे नाही. सत्कार्यी तर चोरीचा पैसाही लागू शकतो.

आमच्या मते या खेळाचे पुण्य, असलेच तर, निराळ्या ठिकाणी आहे. एरवी मदत मागायची तर दुःख दाखवावे लागते. पडलेले घर, रडणारे मूल दात्याच्या डोळ्यांपुढे मांडावे लागते. दाता पैसा देतो, आणि याचक आपली दैन्यावस्था पाहू देऊन त्याची किंमत मोजतो. खेळात मात्र लोकांची नजर आमच्यावर होती. हसू झाले ते आमचे. बागाईतदाराला कोणापुढे उभे राहावे लागले नाही.

हा विवेक त्या भूमीला नवा नाही. ओरत्तनाडूलाच सरफोजीराजांचे मुक्तांबाळ छत्र आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या माणसापर्यंत सर्व वाटसरूंस छत्रांत अन्न मिळते, असे राजांनी 1801 साली इंग्रजांना कळविले होते. छत्रांचा खर्च त्यांना नेमून दिलेल्या गावांच्या उत्पन्नातून चाले. जेवणाऱ्याला दात्याचे तोंड पाहावे लागत नसे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दात्याला जेवणाऱ्याचे.

एवढे सुचूनही आम्ही चुकलोच. समारोपाला एका वृद्ध बागाईतदाराला आम्ही व्यासपीठावर बोलाविले, पाकीट दिले, छायाचित्र काढविले. त्यांनी हात जोडले. मान मात्र वर केली नाही. सायंकाळभर आम्ही जी नजर आपल्या अंगावर घेतली होती, ती एका क्षणात त्यांच्यावर लोटून आम्ही मोकळे झालो. ते छायाचित्र कित्येक महिने कचेरीच्या फलकावर होते. येता-जाता आम्हांला ते बोचत असे, तरी काढून टाकण्याचे धैर्य झाले नाही, कारण त्यात आम्हीही होतो आणि आम्ही चांगले दिसत होतो.

आपल्यापैकी बहुतेकांचा दिवस मेजाच्या अलीकडे जातो. पलीकडे कोणी निवृत्तिवेतनाचा, कोणी नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन उभा असतो. जे द्यायचे ते आपल्या खिशातले नसते, तरीही त्याने थोडे वाकावे, असे आपल्या नजरेला वाटत असते. हल्ली अर्ज हाती आला की आम्ही आधी कागद वाचतो आणि माणसाला बसावयास सांगतो. रोज जमतेच असे नाही.