यंत्रसेवक आणि घरचे कायक

गेल्या महिन्यात हैद्राबादच्या एका भक्ताच्या घरी इष्टलिंगपूजा आटोपून प्रसादाला बसलो असता त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या नातीने विचारले, "अप्पाजी, माणसासारखे दिसणारे यंत्र घरकामाला ठेवले, तर त्याच्यावर हुकूम गाजवणे पाप आहे का?" तिने 'ह्यूमन्स' नावाची इंग्रजी मालिका पाहिली होती. २०१५ साली इंग्लंडात सुरू झालेली ही मालिका २०१२ च्या एका स्वीडिश मालिकेवरून केलेली आहे. पुढे तिच्याकडून आम्ही ती कथा समजून घेतली.

हॉकिन्स नावाचे कुटुंब. आई लॉरा वकील. ती कामासाठी परगावी असताना वडील अनिता नावाची यंत्रदासी विकत आणतात. घर लखलखीत होते, वेळेवर जेवण मिळते, तरी लॉराचे मन बेचैन. धाकटी मुलगी म्हणते, मला गोष्ट अनितानेच वाचून दाखवावी, ती घाई करत नाही! थोरलीला वाटते, सात वर्षे घालवून डॉक्टर होऊन काय उपयोग, तोवर यंत्रच ते काम करील.

कथेतील अनिताच्या अंतरी जाणीव दडलेली आहे. जिथे जाणीव आहे तिथे खरेदी-विक्री हा अधर्म. हे सांगायला स्वामी कशाला हवा? पण जाणीव मुळीच नाही असे धरले, तरी मुलीचा प्रश्न सुटत नाही.

'रोबो' हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगभर गेला. चेक भाषेतील 'रोबोटा' म्हणजे वेठ. वेठ आणि कायक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. नुलिय चंदय्या शरण दोरखंडासाठी गवत कापत असता त्यांचे इष्टलिंग गळून पडले, तरी त्यांनी हातचे काम सोडले नाही. उलट पुढे प्रत्यक्ष लिंगालाच दोर विकण्याचे कायक करावे लागले, अशी कथा शरणपरंपरेत सांगतात. देवालाही जिथे सूट नाही, तिथे घरातील सर्वांनी सेवा घ्यायची आणि कोणीच करायची नाही, अशा घराला दासोहाचे घर कसे म्हणावे?

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. मिक्सर आला म्हणून कुणाचे कायक बुडाले नाही, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला उठवून बसवणारे यंत्र निघाले तर थकलेल्या सुनेने ते अवश्य घ्यावे. परंतु धुण्याच्या यंत्राला कोणी नाकडोळे बसवले नाहीत. मग या यंत्रालाच चेहरा का? कारण आपल्याला नुसते काम नको असते. हुकूम सोडायला समोर कोणी तरी हवे असते, आणि त्याची लाजही वाटायला नको असते. ही चटक यंत्रापाशी थांबेल कशी? त्या मालिकेत जॉर्ज नावाचा एक वृद्ध आहे. त्याचा ओडी नावाचा जुना यंत्रसेवक बिघडतो. ओडीजवळ त्याच्या दिवंगत पत्नीच्या आठवणी साठलेल्या असतात, म्हणून तो त्याला भंगारात न देता लपवून ठेवतो. याला कोणी मोह म्हणेल. आम्हाला मात्र त्या म्हाताऱ्याचे हृदय शाबूत दिसले.

आपल्याकडे उलटेच घडले आहे. आपण माणसाचाच चेहरा काढून घेतला. धुणेभांडी करणाऱ्या बाईचा कप खिडकीत वेगळा. आणि आमच्या मठातसुद्धा स्वयंपाकघरातल्या मुलाला कित्येक दिवस 'ए' एवढेच नाव होते, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

म्हणून त्या मुलीला आम्ही उलट विचारले, "बाळ, तुमच्याकडे भांडी घासायला येतात त्या बाईंचे नाव काय?"

तिने आजीकडे पाहिले. आजींनी सूनबाईंकडे. न्हाणीघरात भांड्यांचा आवाज चालू होता.