रुमालाखालचा भाव

आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत पट्ट्यांचा एक गठ्ठा होता. पट्टी म्हणजे मुंबईच्या दलालाने बागायतदाराला धाडलेला हिशेबाचा कागद. पेट्या इतक्या पोचल्या, इतक्याला गेल्या, त्यातून अडत, हमाली, गाडीभाडं आणि पावसाळ्यात घेतलेली उचल वजा जाता हाती इतके. आजोबा प्रत्येक पट्टी दोनदा वाचायचे. आंबा खरोखर कितीला गेला हे तिच्यावरून कळायचं नाही, कारण भाव ठरायचा रुमालाखाली. दलाल आणि व्यापारी एकमेकांचा हात धरणार, वर कापड टाकणार आणि बोटं दाबून आकडा सांगणार. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांपुरता. ज्याने वर्षभर कलमं जपली तो देवगडात, चारशेहून अधिक किलोमीटरांवर.

माझ्या चुलतभावाने वाशीच्या बाजारात पेट्या पाठवणं हळूहळू कमी केलं आणि घरपोच विक्री सुरू केली. आधी व्हॉट्सॲपवर ओळखीतल्या ओळखीत, मग समाजमाध्यमावर पान काढून, मग स्वतःच्या वेबसाइटवरून. त्याचा फायदा त्याला झाला, हे आधी सांगायला हवं. पुण्यातल्या, नागपुरातल्या, इंदूरमधल्या घरांत त्याची पेटी थेट जाऊ लागली. वर्तमानपत्रात चौकट द्यायची त्याची ऐपत कधीच नव्हती. इथे थोड्या पैशांत जाहिरात सुरू करता आली. आंबा आवडला की लोक त्याला फोन करून सांगतात. आजोबांना असा फोन आयुष्यात कधी आला नव्हता.

पण गेल्या मोसमात त्याने मला त्याची नवी पट्टी दाखवली. ती मोबाइलच्या पडद्यावर होती: इतक्या लोकांना जाहिरात दिसली, इतक्यांनी क्लिक केलं, इतके पैसे कापले. मोसमाच्या ऐन भरात पेटीमागे जाहिरातीचा खर्च जुन्या अडतीच्या वर गेला होता. मग त्याने एका शोधयंत्रात आपल्या तालुक्याचं नाव आणि पुढे ‘हापूस घरपोच’ असं टाइप केलं. वरच्या सगळ्या जागा प्रायोजित. त्यातला एकही विक्रेता त्याच्या माहितीतला नव्हता, आणि तालुक्यातल्या बागा त्याला बांधाबांधाने ठाऊक आहेत. तो म्हणाला, “माझ्याच गावाच्या नावावर मला बोली लावावी लागते, आणि समोरचा किती बोलतोय ते दिसत नाही.”

हे ऐकल्यापासून मला वाटू लागलं की ऑनलाइन मार्केटिंगबद्दल आपण चुकीच्या जागी बोलतो. आपण ते कौशल्य म्हणून शिकवतो. मथळा कसा लिहावा, रील किती सेकंदांची असावी, कोणते शब्द वापरले की पान वर येतं, याचे वर्ग आता तालुक्याच्या गावीही भरतात. पण शोधयंत्र आणि समाजमाध्यम ही नुसती दुकानाची पाटी नाही. तो बाजार आहे, तिथे रोज लिलाव चालतो, आणि बाजाराची जागा, लिलाव पुकारणारा आणि वजनकाटा हे तिन्ही एकाच मालकाचे आहेत. म्हणून प्रश्न कौशल्याचा कमी आणि बाजाराच्या नियमनाचा जास्त आहे.

हा लिलाव कसा आला ते पाहण्यासारखं आहे. गूगलचे संस्थापक सर्जी ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये आपल्या शोधयंत्रावर जो निबंध लिहिला, त्याच्या परिशिष्टात त्यांनीच इशारा दिला होता की जाहिरातींवर पोसलेलं शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि शोधणाऱ्यापासून दूर जाईल. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात बिल ग्रॉस यांच्या ‘गो टू डॉट कॉम’ने शोधशब्दांवर उघड बोली लावायची सोय काढली. जो जास्त देईल तो वर, आणि कोण किती देतो ते सगळ्यांना दिसायचं. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ॲडवर्ड्स सुरू केलं आणि २००२ मध्ये क्लिकमागे पैसे घेणारा लिलाव आणला. त्यात बोलीबरोबर जाहिरात किती उपयोगी आहे याचंही मोजमाप होऊ लागलं. कल्पना हुशारीची होती, आणि शोधणाऱ्याच्या हिताचीही. नुसता पैसा ओतून कुणी भलतंच दुकान वर आणू नये म्हणून गुणवत्तेला वजन दिलं गेलं. जिंकणाऱ्याने आपली पूर्ण बोली भरायची नाही, खालच्याला मागे टाकण्यापुरतंच द्यायचं.

पण गुणवत्ता मोजायची यंत्राने, सूत्र यंत्राच्या मालकाकडे आणि दुसऱ्यांच्या बोली झाकलेल्या. उघडा लिलाव पुन्हा रुमालाखाली गेला. जुन्या रुमालाखाली निदान दोन माणसांना आकडा ठाऊक असायचा. इथे बोली लावणाऱ्यालाही पूर्ण माहिती नाही. ती फक्त पुकारणाऱ्याला. एक शोध होतो तेव्हा क्षणाच्या छोट्याशा अंशात हा सौदा उरकतो, आणि असे सौदे दिवसभर चालू असतात.

झाकलेल्या लिलावात भाव कोण वाढवतो, याचं उत्तर अमेरिकेच्या न्यायालयात मिळालं. ५ ऑगस्ट २०२४ रोजी वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की गूगलने शोधातली मक्तेदारी बेकायदा टिकवली. मोबाइलमध्ये आणि ब्राउझरमध्ये आपलंच शोधयंत्र आधीपासून बसवलेलं असावं म्हणून गूगलने एकट्या २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर मोजल्याचं त्या खटल्यात पुढे आलं. शोधातल्या मजकुरी जाहिरातींचे दर स्पर्धकाची फारशी भीती न बाळगता गूगल वाढवू शकलं, असंही न्यायालयाने नोंदवलं. दरवाढ लिलावाच्या सूत्रातल्या बारीक फेरफारांतून व्हायची आणि जाहिरातदारांना ती तशी सांगितली जात नव्हती. गूगलला हा निकाल मान्य नाही. पण आजोबा पट्टी दोनदा का वाचायचे, ते हा निकाल वाचताना मला नीट समजलं.

समाजमाध्यमाची रीत निराळी आहे. शोधयंत्राकडे माणूस काहीतरी हवं म्हणून जातो. समाजमाध्यमावर तो भाच्याच्या बारशाचे फोटो बघायला जातो आणि मध्येच त्याला पेटी दिसते. इथे विकली जाते ती नजर. सुरुवातीला छोट्या विक्रेत्यांना सांगितलं गेलं की पान काढा, माणसं जोडा, तुमचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचेल. लोकांनी वर्षानुवर्षं खपून माणसं जोडली. मग नोव्हेंबर २०१४ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की निव्वळ विक्रीच्या वळणाच्या पोस्ट पुढच्या जानेवारीपासून कमी लोकांना दिसतील. २०१८ च्या जानेवारीत कुटुंब आणि मित्रांच्या पोस्टना आणखी अग्रक्रम मिळाला. वाचणाऱ्याच्या बाजूने हे रास्तही म्हणता येईल. जाहिरातींचा भडिमार कुणालाच नको असतो. पण जोडलेल्या माणसांपर्यंत पोचायला विक्रेत्याला त्यानंतर पैसे मोजणं भाग पडलं. वहिवाटीच्या पायवाटेवर एके सकाळी टोलनाका उभा राहावा, तसं.

त्याहून खोल गोष्ट ग्राहकांच्या वहीची आहे. जुन्या दुकानदाराची खरी पुंजी ती वही असे: कुणाच्या घरी लग्न आहे, कोण उधारी वेळेवर फेडतो, कुणाला केशर आवडतो आणि कुणाला हापूसच लागतो. समाजमाध्यम विक्रेत्याला म्हणतं, तुझ्या ग्राहकांचे नंबर दे, मी त्यांच्यासारखी आणखी माणसं शोधून देतो. यंत्र खरोखर शोधूनही देतं. मार्चमध्ये महाग पेटी कोण घेतो, रात्री किती वाजता घेतो, कोणता फोटो पाहून घेतो, हे ते हजारो बागायतदारांच्या पैशांतून शिकतं. हे शिकलेलं ज्ञान बागायतदाराच्या हाती कधीच येत नाही. पुढच्या मोसमात जो कुणी पैसे भरेल त्याच्या सेवेला ते हजर असतं, मग त्याची पेटी कुठल्या राज्यातून भरली गेलेली का असेना.

आणि तोलाई? किती लोकांनी पाहिलं, किती वेळ पाहिलं, हे सांगतो जाहिरात विकणाराच. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो याचा आकडा ते सुमारे दोन वर्षं ६० ते ८० टक्के फुगवून देत होते. मोजणीतली चूक, असं त्यांनी म्हटलं. चूक म्हणूनच घेऊ. पण विकणाऱ्याचाच काटा असला की त्याची चूक पकडणारं दुसरं कुणी नसतं, एवढं त्यातून दिसलं.

या सगळ्याचं उत्तर शोधायला सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. विदर्भातल्या कारंज्यात, आजच्या वाशिम जिल्ह्यात, १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. तो देशातला पहिला मानला जातो. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. इंग्रजांचा हेतू शेतकऱ्याच्या कळवळ्याचा नव्हता. विलायतेतल्या गिरण्यांना चांगला कापूस बिनबोभाट मिळावा, ही त्यांची गरज होती. तरी त्यातून रुजलेली कल्पना मोलाची होती. बाजाराची जागा ठरलेली, आडत्या आणि तोलारी परवान्याचे, काटा तपासलेला आणि कारभारावर समितीचा डोळा. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने असे बाजार देशभर व्हावेत अशी शिफारस केली. महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजाराचा कायदा १९६३ चा. उघड लिलाव, खरं वजन आणि लेखी हिशेब हा या परंपरेचा गाभा.

कुणी म्हणेल, बाजार समित्यांचं पुढे काय झालं ते दिसत नाही का? दिसतं. समित्या पुढाऱ्यांच्या आणि दलालांच्या मुठीत गेल्या. उघड लिलावाचा नियम असूनही वाशीत रुमाल टिकला. फळं-भाजीपाला २०१६ मध्ये नियमनातून मोकळा करावा लागला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, ते उगाच नाही. पण त्या अपयशातून उघड्या लिलावाची मागणी खोटी ठरत नाही. नियम कागदावर ठेवून काटा मात्र त्याच हातात सोडला की काय होतं, तेवढंच त्यातून कळतं. शिवाय वाशीच्या समितीविरुद्ध मोर्चा नेता येतो, निवडणूक लढवता येते, मंत्र्याला घेराव घालता येतो. चुलतभावाचं पान ऐन एप्रिलमध्ये अकरा दिवस बंद पडलं, तेव्हा त्याला बोलायला एक माणूस मिळाला नाही. आपोआप आलेली उत्तरं तो वाचत बसला आणि अढीतला आंबा पिकत राहिला.

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. २०१२ च्या तक्रारींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिकालांतल्या पक्षपाताबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. दिल्ली उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२३ रोजी अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्सच्या नावाच्या खटल्यात म्हटलं की दुसऱ्याचं व्यापारचिन्ह शोधशब्द म्हणून विकताना गूगल नुसतं त्रयस्थ राहत नाही, ते व्यवहारात सक्रिय असतं. ग्राहकाची दिशाभूल होत नसेल तर असा वापर आपोआप बेकायदा ठरत नाही, असंही त्याच निकालात आहे.

या तर्काला आणखी एक पाऊल पुढे न्यायला हवं. ऑक्टोबर २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळालाच ते नाव. त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते कायद्याने ठरतात. देवगड तालुक्यातल्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या मोसमापासून फळाफळावर खुणेचं लेबल लावायचं ठरवलं, म्हणजे परराज्यातला आंबा देवगडच्या नावावर खपू नये. फळावर एवढा पहारा आणि शोधपेटीत तेच नाव बोली लावणाऱ्या कुणालाही खुलं, हे मला अन्यायाचं वाटतं. मानांकनाच्या नावावरची जाहिरात नोंदणीकृत वापरकर्त्यालाच आणि त्याच्याकडून माल घेणाऱ्यालाच द्यावी, एवढी अट घालायला कुठलंही तंत्रज्ञान आडवं येत नाही. नोंदणीची यादी सरकारकडे आहे.

दुसरी मागणी पट्टीची आहे. मोसम संपल्यावर तरी बोली लावणाऱ्याला कळलं पाहिजे की त्या शब्दावर किती जण होते, खालची बोली किती होती आणि त्याच्या जाहिरातीला गुण का कमी पडले. मोजणी तिऱ्हाइताने तपासली पाहिजे, जसा काटा वैधमापनशास्त्राचा निरीक्षक तपासतो. पान बंद केलं तर ठरलेल्या मुदतीत माणसाने उत्तर दिलं पाहिजे. डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये लोकांपुढे आला, पण तो कायदा अजून झालेला नाही. त्यावरच्या चर्चेत मोठ्या कंपन्या आणि त्यांचे वकील बोलले. आंबा, बेदाणा, पैठणी किंवा हळद विकणाऱ्यांचा आवाज मला त्यात फारसा ऐकू आला नाही. बागायतदार संघांनी आणि उत्पादक कंपन्यांनी हा आपला विषय मानला पाहिजे, जसा त्यांनी अडतीचा मानला होता.

तोवर वाचकांच्या हातात एक गोष्ट आहे. यंदा पेटी घ्याल तेव्हा पेटीवरचा बागायतदाराचा नंबर वहीत उतरवून ठेवा आणि पुढच्या मार्चमध्ये शोधपेटीत काही न लिहिता त्याला थेट फोन लावा. त्या फोनवर कुणाची बोली लागत नाही.