जतन आणि नाद

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वाद्यदालनात मी अनेकदा थांबलो आहे. तेथील वाद्यांचे रूप डोळे भरून पाहता येते. पण ज्या नादासाठी कारागिराने लाकूड कोरले, तो नाद ऐकता येत नाही. या मौनाला सबळ कारण आहे. जुन्या लाकडाला तारांचा ताण सोसत नाही. सांधे उकलतात, तबली खचते. प्राचीन इजिप्तचा राजा तूतनखामेन याच्या थडग्यातील कर्णे १९३९ मध्ये बीबीसीच्या प्रसारणासाठी वाजवले गेले. तीन हजारांहून अधिक वर्षे टिकलेली वस्तू काही क्षणांच्या स्वरासाठी पणाला लावावी का, हा प्रश्न त्या घटनेने कायमचा मागे ठेवला. वस्तूचे रक्षण आणि तिच्या प्रयोजनाचे रक्षण, ही दोन कर्तव्ये येथे परस्परांना छेद देतात.

आभासी वास्तवाचे तंत्र या पेचात खरे साहाय्य करू शकते. त्रिमितीय छायाचित्रणाने वाद्याची अचूक प्रतिमा घडवता येते, सीटी स्कॅनने त्याचे अंतरंग उलगडते आणि प्रतिकृतीवर वाजवलेला स्वर त्या प्रतिमेला जोडता येतो. मूळ वाद्याला स्पर्शही न होता श्रोता त्याच्यासमोर बसतो. असा एक तंबोरा मी अनुभवला. घोडीचा किंचित उतरता पृष्ठभाग आणि त्यावर हलकेच टेकत थरथरणारी तार इतक्या जवळून मी कधीही पाहिली नव्हती. भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये याच रचनेचा अभ्यास मांडला होता. तार जेथे छेडावी, त्या स्थानामुळे एरवी लोप पावायला हवेत असे स्वरांशही तंबोऱ्यात स्पष्ट उमटतात, हे त्यांनी दाखवले. मैफलीत बसूनही न कळणारे हे रहस्य त्या आभासी दालनात एखाद्या शाळकरी मुलालाही उमगेल. ही प्राप्ती लहान नाही.

तथापि तो स्वर आला कोठून, हे विसरता कामा नये. कोणीतरी प्रत्यक्ष तंबोरा जुळवला, घोडी व तार यांच्यामध्ये सूत सरकवून जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, खुलवली, तेव्हाच ध्वनिमुद्रण शक्य झाले. मिरजेच्या कारखान्यांत जवारी काढणारा कारागीर घोडी थोडी घासतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा घासतो. कोठे थांबावे याचा निर्णय त्याचा कान करतो, आणि तो कान दीर्घ सहवासातूनच घडतो. स्कॅन आकार टिपतो; हा विवेक टिपत नाही. ज्या वाद्याचा वादक आणि घडवणारा दोघेही उरले नाहीत, त्याला आभासी दालनात दिलेला स्वर हे अभ्यासपूर्ण अनुमान असते, आणि तसे प्रेक्षकाला स्पष्टपणे सांगणे हे संग्रहालयाचे कर्तव्य ठरते.

मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हा गौरव योग्यच आहे. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, कौशल्याचे नव्हे. म्हणून या नव्या साधनांचा पहिला रोख भूतकाळाकडे नव्हे, तर आज काम करणाऱ्या हातांकडे असावा. भोपळ्याच्या निवडीपासून अखेरच्या जवारीपर्यंतची प्रत्येक कृती, कारागिराच्या स्वतःच्या स्पष्टीकरणासह, नोंदली जावी. त्या नोंदीचे श्रेय व मोबदला त्याला मिळावा आणि आभासी अनुभवानंतर प्रेक्षकाच्या हाती खरा तंबोरा दिला जावा. तार बोटाला जो विरोध करते, त्यातूनच शिकण्याला आरंभ होतो. विद्या जिवंत असताना तिची नोंद करणे आणि शिकणाऱ्याला तिच्यापर्यंत पोहोचवणे, ही दोन्ही कामे जे तंत्र करील, तेच वारशाच्या सेवेस पात्र मानावे.