न देण्याचा धर्म

दानाची महती गाण्यात आपल्या धर्मग्रंथांनी आणि त्यांच्या मागोमाग आपल्या कीर्तनकारांनी कधी हात आखडता घेतलेला नाही. अन्नदान, जलदान, गोदान, विद्यादान अशी जी लांबलचक फेहरिस्त परंपरेने आपल्यापर्यंत चालत आली आहे, तिच्यात जलदानाचे स्थान पाऊस लहरी आणि उन्हाळा मात्र वक्तशीर असलेल्या मुलुखात साहजिकच फार वरचे ठरते. आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेला अहमदनगर जिल्हा, जो आता सरकारदफ्तरी अहिल्यानगर म्हणून नोंदला जातो, हा नेमका असाच मुलूख असल्यामुळे येथे पाणपोई घालणारा, विहीर बांधणारा किंवा रस्त्याकडेच्या झाडाला पाणी घालणारा मनुष्य पुण्यवान समजला जावा यात नवल नाही. ज्यांच्या नावाने हा जिल्हा आज ओळखला जातो त्या अहिल्याबाई 1725 साली याच जिल्ह्यातल्या चौंडी गावी जन्मल्या, आणि त्यांची कीर्ती हिंदुस्थानभर टिकून राहिली ती फौजफाट्यापेक्षा त्यांनी बांधविलेल्या घाट-बारवांमुळे अधिक, हे सर्वश्रुतच आहे. असे असता, न देणे हाही कधी धर्म होऊ शकतो काय, हा प्रश्न काढणे म्हणजे कृपणाची वकिली पत्करणे होय, असे कोणास वाटल्यास त्याला दोष देता येणार नाही. तरीही तो काढणे मला अवश्य वाटते. आणि मजजवळ त्याची दरखास्त घेऊन जे आले आहे ते कोणी पंडित नसून, अंगणाच्या कठड्यावर पसरट कुंडीत वाढणारे एक बुटके झाड आहे.

चिनी गुलाब किंवा ऑफिस टाइम या नावांनी ते आपल्याकडे परिचित आहे. चीनशी त्याचा काही संबंध नाही आणि गुलाबाशीही नाही. त्याचे मूळ वतन दक्षिण अमेरिकेतले, ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे या प्रदेशांतले, आणि 1829 साली हूकर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला पोर्च्युलाका ग्रँडिफ्लोरा हे शास्त्रीय नाव दिले. परंतु त्याचे सगेसोयरे मात्र नगरच्या शेतकऱ्याला लहानपणापासून ठाऊक आहेत: तणात मोडणारी आणि तरीही आवडीने खाल्ली जाणारी घोळ, आणि उन्हाळ्यात बाजारात जुड्या बांधून येणारी बारीक पानांची चिवळ, ही दोन्ही याच कुळातली. या सर्वांचा स्वभाव एकच, जमिनीशी अंग टाकून सतरंजीसारखे पसरण्याचा. चिनी गुलाबाची पाने चपटी नसतात, सुईपेक्षा जाड आणि काडीपेक्षा मऊ अशी गोल व रसाने भरलेली असतात. पानांच्या बेचक्यांत पांढुरकी लव असते. आणि गुलाबी, केशरी, पिवळी, पांढरी फुले सकाळी ऊन अंगणात उतरले की उमलतात व तिसऱ्या प्रहरापूर्वी मिटून जातात. एका फुलाचे आयुष्य एका दिवसाचे. आभाळ भरलेले असले तर ते धड उमलतही नाही.

या झाडाची जोपासना कशी करावी, याचे उत्तर नगरच्या मातीत सांगणे सोपेही आहे आणि अवघडही. सोपे अशासाठी की त्याला मागण्या फारशा नाहीत. तळाला मोकळी भोके असलेली उथळ कुंडी, तिच्यात पोयटा, वाळू आणि येथे फुकट मिळणारा मुरूम यांचे भुसभुशीत मिश्रण, शेणखत असलेच तर मूठभर, आणि दिवसातून सहा तासांचे निखळ ऊन, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. तीन-चार बोटे लांबीची फांदी खुडून, तिचा कापलेला भाग दिवसभर सावलीत सुकू देऊन मातीत खोचली तरी ती मूळ धरते. बी पेरायचे असल्यास ते इतके बारीक असते की वर माती न ओढता नुसते पृष्ठभागावर शिंपडावे, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. शेंडे अधूनमधून खुडले म्हणजे फांद्या फुटतात आणि चटई दाट होते. नत्राचे खत जास्त झाले तर हिरवेपणा वाढतो व फुले कमी होतात. पण अवघड भाग यानंतर सुरू होतो. काळ्या मातीत लावलेले आणि रोज सकाळ-संध्याकाळ प्रेमाने पाणी मिळणारे चिनी गुलाब पंधरवड्यात बुडाशी मऊ पडते, देठ काळपट व पारदर्शक होतात आणि हात लावताच फांदी निसटून येते. आषाढात पागोळ्यांखाली राहिलेल्या कुंडीची तीच गत. ज्या घरातले झाड असे कुजते त्या घरातला मनुष्य बहुधा निष्काळजी नसतो; उलट घरातला सर्वांत मायाळू मनुष्यच तांब्या घेऊन कुंडीपाशी वारंवार गेलेला असतो.

याचे कारण त्या झाडाच्या देहव्यापारात आहे. पाणी त्याने आपल्या पानांतच साठविलेले असते. आणि अवर्षण पडले म्हणजे ते आणखी एक तजवीज करते, ती अशी की दिवसा पर्णरंध्रे मिटून घ्यावी, रात्रीच्या गारव्यात ती उघडून लागणारा वायू आत घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचे अन्न करावे. आमच्या मदतीवाचून ज्याने आपला बंदोबस्त असा चोख ठेवला आहे, त्याला आमची मदत अनावश्यक असते इतकेच नव्हे, तर ती त्याच्या मुळांचा श्वास कोंडते. येथे प्रश्न बागाईतीचा न राहता धर्माचा होतो. माझ्या अंतःकरणात करुणा उत्पन्न झाली, हातात पाणी आहे, समोर जीव आहे, आणि तरीही मी पाणी घालू नये हेच त्या जीवाच्या हिताचे आहे. तर मग माझा हा थांबलेला हात कर्म करतो आहे की कर्माचा त्याग?

या जिल्ह्यात बसून हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरासाठी दूर जावे लागत नाही. प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपले भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते उतरून घेतले. ज्या खांबाला टेकून ते सांगितले गेले असे परंपरा मानते तो पैस खांब आजही तेथे पूजिला जातो. गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणारा तो खरा बुद्धिमान, असा जो गूढ सिद्धांत येतो, तो उलगडताना ज्ञानेश्वर नावेत बसलेल्या माणसाचा दाखला देतात, ज्याला काठावरची झाडे वेगाने धावताना दिसतात आणि प्रत्यक्षात ती जागच्या जागी असतात. हालचाल कोठे आहे आणि कोठे नाही याचा आपला अंदाज किती सहज चुकतो, हे त्यातून कळते. परंतु न करण्यातले करणे नेमके कशात असते, याचा अधिक व्यावहारिक खुलासा विनोबांच्या गीता प्रवचनांत मिळतो. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली दिलेल्या आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या त्या प्रवचनांत विनोबांनी बाहेरच्या कर्माला आतून मिळणारी जी चित्ताची जोड, तिला विकर्म म्हटले, आणि कर्माला विकर्म येऊन मिळाले म्हणजे अकर्म निष्पन्न होते, असे प्रतिपादन केले. हा निकष कुंडीला लावून पाहिला तर गुंता बराच सुटतो. पाणी न घालणारा मनुष्य रोज झाडापाशी जात असेल, मातीत बोट घालून ओल पाहत असेल, पानाचा तुकतुकीतपणा कमी होऊन त्यावर बारीक सुरकुती धरली की नाही हे न्याहाळीत असेल, तर त्याच्या न घालण्यामागे विकर्म आहे. आणि जो कुंडीकडे फिरकतच नाही त्याच्या न घालण्यामागे काहीच नाही. बाहेरून दोघांचे हात सारखेच कोरडे. पण पहिल्याचा कोरडेपणा ही सेवा आहे आणि दुसऱ्याचा केवळ आळस.

यावर शिर्डीचा दाखला पूर्वपक्ष म्हणून कोणी उभा करील, आणि तो वजनदार आहे. दाभोलकरांच्या साईसच्चरितात असे वर्णन आहे की साईबाबांनी राहात्याहून रोपे आणून शिर्डीत फुलझाडांची बाग केली. वामनतात्या नावाचे गृहस्थ त्यांना रोज दोन कच्चे घडे देत. बाबा स्वतः आडाचे पाणी काढून ते घडे खांद्यावर वाहत आणि झाडांना घालीत. संध्याकाळी घडे निंबाच्या बुंध्याशी ठेवले जात आणि भाजलेले नसल्यामुळे ते तेथेच फुटून जात. तीन वर्षे हा क्रम चालला आणि जेथे ती बाग होती तेथेच आज समाधिमंदिर आहे. फकिराने तीन वर्षे रोज पाणी वाहिले, आणि तुम्ही न देण्याचा धर्म सांगता? मला या कथेत विरोध दिसत नाही. जाई-जुईसारख्या फुलझाडाला नगरच्या उन्हात रोजचे पाणी हवेच असते, आणि ते त्यांनी घातले. दुसरी गोष्ट अशी की ज्या भांड्याने पाणी घातले ते भांडे दुसऱ्या दिवसासाठी राखले गेले नाही, म्हणजे देण्याचे साधनसुद्धा मालमत्ता म्हणून साठले नाही. देणाऱ्याने आपल्या देण्याविषयी किती अलिप्त असावे, याचा हा नमुना आहे. आणि ही अलिप्तता अंगी असल्याशिवाय न देणेही साधत नाही, कारण ज्याला देण्यात स्वतःचे समाधान हवे असते त्याला थांबता येत नाही.

न देण्याचे, किंवा अधिक नेमके बोलायचे तर न घेण्याचे, सामुदायिक रूप पाहायचे असेल तर तेही याच जिल्ह्यात आहे. पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी या गावी अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने जी ग्रामसुधारणा झाली, तिच्या सूत्रांत कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ही दोन सूत्रे होती: डोंगरावरचे झाड तोडायचे नाही आणि डोंगरावर मोकाट जनावर सोडायचे नाही. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने याच वाटेने जाऊन, पाणलोटाची कामे तर केलीच, पण शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिके करायची नाहीत, आणि पावसाचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवायची, असे स्वतःवर घालून घेतले. बांध, चर, तळी ही करण्याची कामे डोळ्यांत भरतात व त्यांची छायाचित्रे निघतात. परंतु न खणलेल्या कूपनलिकेचे छायाचित्र निघत नाही. तरी त्या गावाचे पाणी त्या न खणण्यावरही उभे आहे. याच जिल्ह्यात कालव्याखालच्या काही जमिनी अति पाण्याने पाणथळ व क्षारपड होऊन नापीक बनल्या, हे त्याच सत्याचे उलट टोक आहे: मुळाशी साचलेले पाणी कुंडीत जे करते तेच शिवारात करते.

एवढे म्हटल्यावर एक गंभीर आक्षेप उरतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक होईल. न देणे हा धर्म म्हणून प्रतिष्ठित झाला तर तो प्रथम कोणाच्या उपयोगी पडेल? ज्याचे कोठार भरले आहे आणि ज्याला दारचा भुकेला परत पाठवायचा आहे, त्याच्या. 1972 च्या दुष्काळात जी माणसे खडी फोडण्याच्या कामावर हजेरी लावण्यासाठी रांगा धरून उभी राहिली, त्यांना संयमाचे तत्त्वज्ञान ऐकविणाऱ्याला कोणता शास्त्रकार धार्मिक म्हणेल? म्हणून या धर्माला दोन हद्दी घालणे मला आवश्यक वाटते. पहिली अशी की न देण्याचा निर्णय ज्याला द्यायचे त्याच्या गरजेवरून व्हावा, देणाऱ्याच्या सोयीवरून नव्हे. चिनी गुलाबाजवळ साठा आहे म्हणून पाणी रोखायचे, आणि ज्याच्याजवळ साठा नाही त्याच्याबाबतीत हा न्याय लागूच होत नाही. दुसरी अशी की संयमाचा हुकूम ज्याने काढायचा त्याने तो आधी स्वतःवर बजावावा. हिवरे बाजारचा नियम नियम म्हणून टिकला तो बाहेरून कोणी लादला म्हणून नव्हे, ज्यांच्या शेतात कूपनलिका होऊ शकली असती त्यांनीच तो मान्य केला म्हणून. या हद्दींबाहेरचे न देणे म्हणजे शुद्ध कार्पण्य, मग त्याला नाव कोणतेही द्या.

देण्याप्रमाणे घेण्यातही हे झाड आपल्याला थोपविते. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी यांपैकी काहीही भक्तीने अर्पिले तरी ते स्वीकारण्याचे आश्वासन आहे. पण हे फूल अर्पिण्याच्या कामी येत नाही. पहाटेच्या पूजेला ते उमललेले नसते, सांजवातीला मिटलेले असते, आणि भर दुपारी खुडावे तर देव्हाऱ्यापर्यंत जाता जाता ते मलूल होते. ऐन दहा-अकराच्या उन्हात उमललेल्या फुलाच्या मधोमध पुंकेसरांचा जो पिवळा झुबका असतो, त्याला गवताच्या काडीने हळूच स्पर्श केला तर ते पुंकेसर स्पर्शाच्या बाजूला झुकतात. मधमाशी येऊन बसली की परागकण तिच्या अंगाला लागावेत, अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे त्या फुलाला त्याचा पाहुणा कोण आणि त्याला काय द्यायचे, हे पक्के ठाऊक आहे, आणि त्या व्यवहारात पूजकाला जागा नाही. ज्याला त्याची पूजाच करायची असेल त्याने ते झाडावर राहू द्यावे. न खुडणे हेच तेथे अर्पण.

अखेर शास्त्राकडे वळून पाहिले तर त्याने दानाची थोरवी गाताना दानाला मोकाट सोडलेले नाही, असेच दिसते. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र यांची अट घातली आहे, आणि आपण ती बहुधा एवढ्यापुरतीच वाचतो की दान तीर्थक्षेत्री, पर्वकाळी आणि योग्य ब्राह्मणाला द्यावे. पण अट ही दोन्ही बाजूंनी अट असते. जेथे ती पुरी होत नाही, म्हणजे माती पाणी धरून ठेवणारी आहे, काळ आषाढाचा आहे, आणि समोरच्या जीवाजवळ स्वतःचे पुरेसे आहे, तेथे हात आवरणे हे दानधर्माचे उल्लंघन नसून त्याच धर्माचे पालन आहे. ज्याला देता येते पण थांबता येत नाही, त्याच्या औदार्यात समोरच्यापेक्षा स्वतःचाच वाटा मोठा असतो, असे म्हणावयास हरकत नसावी. आणि ज्याला दोन्ही साधते, त्याच्या पुण्याच्या जमाखर्चात दिलेल्या पाण्याइतकीच राखलेल्या पाण्याचीही नोंद जमेकडेच झाली पाहिजे.