नमुना खरा कधी?

चंदगडची एक मुलगी व्हॉइस ओव्हरचा पहिला डेमो करते आहे. सल्ल्याला आली आहे निवृत्त मराठी शिक्षकांकडे.

ती : सर, ‘स्वामी’ कादंबरीतला उतारा घेऊ? रणजित देसाई आपल्या कोवाडचे. वाचताना आवाज आपोआप भरतो.

सर : मग दाद देसाईंच्या वाक्यांना मिळेल. शिवाय ते १९९२ साली गेले. लेखकामागं साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०५२ संपेपर्यंत परवानगी हवी.

ती : टीव्हीवरची गाजलेली जाहिरात?

सर : ऐकणाऱ्याला मूळ आवाज आठवेल. नाही आठवला, तर ते काम तुलाच मिळालं होतं असं वाटेल.

ती : वाटू दे की! नवख्यानं थोडं मोठं दिसल्याशिवाय दारात कोण उभं करतंय?

सर : काजूवाल्यानं नमुन्यात २४० नंबरचा टपोरा गर दाखवला आणि डब्यात ३२० नंबरचा बारीक भरला, तर दुसरी ऑर्डर येते का?

ती : नाही येत. पण मग प्रमाण मराठीतला डेमोही खोटाच म्हणायचा. घरात मी चंदगडी बोलते.

सर : घरचं तेवढंच खरं, असं नाही. सरावानं कमावलेलंही आपलंच. मजकूर बदलून दिला तरी तसंच वाचता आलं, की ते तुझं. दिवसभर घासून, तुकडे जोडून बसवलेली एखादी ओळ तुझी नव्हे.

ती : म्हणजे मजकूर मीच लिहू?

सर : लिही. काजूच्या दुकानाची पंधरा सेकंदांची जाहिरात, तीसेक शब्दांत. तिलारी घाटाची शांत माहिती. बँकेच्या फोनवरची सूचना. सगळं मिळून मिनिटभर. ‘काजू’तला ज आणि ‘जिभे’तला ज वेगळा ऐकू येऊ दे.

ती : आणि चंदगडी? तिला मागच्या बाकावर बसवायचं?

सर : मुळीच नाही. तिची स्वतंत्र फाईल कर. मालिकेत, गोष्टीत सीमाभागातलं पात्र हवं असणाऱ्याला ती सापडली पाहिजे. मात्र तिच्यातही नाटकी हेल काढू नकोस. आपल्याच बोलीची नक्कल करणं हाही खोटा नमुनाच.

ती : मग निवडीची कसोटी कोणती?

सर : उद्या अनोळखी कागद हातात आला, तर असंच वाचशील का? ‘हो’ म्हणता येईल तेवढंच डेमोत घाल.