एक तास, दोन वर्ग

कॉन्व्हेंटच्या वेळापत्रकात आठवड्यातून एकदोनदा एक पिरिअड असा यायचा, की घंटा झाली की वर्गाचे दोन भाग व्हायचे. डिसोझा, डाबरे, फर्नांडिस कॅटेकिझमची पुस्तकं घेऊन शेजारच्या खोलीत. कुलकर्णी, शेख, कांबळे, शहा जागच्या जागी, मॉरल सायन्सला. पुढच्या तासाला सगळ्या पुन्हा एकत्र, भूमितीला. मी जागच्या जागी बसणाऱ्यांतली.

ही वाटणी कायद्याला धरूनच आहे. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला. कलम २८ ने सांगितलं, की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येणार नाही. मूल अज्ञान असेल तर संमती पालकांची. दोन्ही कलमं एकत्र वाचली, की दोन खोल्या तयार. माझी तक्रार कायद्याबद्दल नाही. त्या दोन खोल्यांत जे शिकवलं गेलं, ते शिक्षण म्हणून किती पातळ होतं, याबद्दल आहे.

मॉरल सायन्समध्ये गोष्टी असत: खरं बोलावं, आईवडिलांचं ऐकावं, लाकूडतोड्याने सोन्याची कुऱ्हाड नाकारावी. (मूळ ग्रीक कथेतला देव नदीतून वर येतो, आमच्या पुस्तकात तो देवता, परी, काहीही होऊन यायचा. कोणत्याच धर्माला धक्का लागू नये, एवढी काळजी घेतलेली असे.) शेजारच्या खोलीत तरी काही खोल चाललं असेल, असा माझा समज. पुढे मैत्रिणींनी सांगितलं, की तिथे पाठांतर होतं. दहा आज्ञा, सात संस्कार, प्रथम कम्युनियनची तयारी, मग कन्फर्मेशनची. व्यभिचाराच्या सहाव्या आज्ञेपाशी सिस्टर एकदम वेग वाढवायच्या. प्रश्न विचारायला बंदी नव्हती, पण वेळही नव्हता.

शाळांच्या या सावधपणाला इतिहास आहे, तोही आपल्याकडचाच. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथे मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवलं जातंय, म्हणून १८९३ साली गदारोळ उठला. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई कॅथलिक नव्हत्या, पण तो संशय पंथ विचारत बसणारा नव्हता. मुलींच्या शाळेत धर्माचा विषय निघाला, की आजही पालकांचे कान टवकारतात. संस्थाचालकांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे इतर मुलींपुढे धर्माबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

गंमत अशी, की खुद्द व्हॅटिकनने याहून मोकळी वाट दाखवली होती. २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे काही दस्तऐवज जाहीर झाले. त्यांतला एक ख्रिस्ती शिक्षणाबद्दल, एक इतर धर्मांशी नात्याबद्दल आणि एक संन्यस्त जीवनाच्या नूतनीकरणाबद्दल. शाळा, इतर धर्मांच्या मुली आणि सिस्टर: कॉन्व्हेंटचे तिन्ही घटक एकाच तारखेला पटलावर. त्यानंतर कितीतरी संघांच्या सिस्टरांचे पायघोळ झगे गेले, काही साडीत आल्या. दोन खोल्या मात्र तशाच राहिल्या.

तरी धर्माचं शिक्षण झालं नाही, असं म्हणता येणार नाही. वेळापत्रकाबाहेर ते भरपूर झालं. घरी आम्ही पाहिलेल्या बायकांच्या आयुष्याचा नकाशा लग्नावरून जायचा. इथे लग्न न केलेल्या, नवऱ्याच्या नावावाचून मान असलेल्या बायका इमारतीचं बांधकाम करून घेत होत्या, बँकेचे व्यवहार पाहत होत्या, शिक्षण खात्याच्या साहेबांना उभं करत होत्या. पण मिस्सा असली, की बाहेरून फादर यायचे. अख्खी शाळा चालवणाऱ्या मुख्याध्यापिका सिस्टर चॅपलमध्ये बाकावर, आणि वेदीपाशी त्यांच्या निम्म्या वयाचे फादर. आम्ही मुली हे पाहत होतो. त्यावर बोललं कोणीच नाही. १९९४ च्या मार्चमध्ये रोमने मुलींनाही वेदीसेवेची मुभा असल्याचं कळवलं आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा अधिकारच चर्चला नाही, असं जाहीर केलं. मुलींच्या शाळेत चर्चा करायला याहून चांगला विषय कुठला? आणि तो फक्त डिसोझा-डाबऱ्यांचा नाही. गाभाऱ्यात कोणी जायचं, हा प्रश्न कुलकर्णी आणि कांबळे यांच्या घरातही आहे, आणि दोघींना तो सारखा लागू होत नाही.

धर्माची दीक्षा देणं वेगळं आणि धर्मांची ओळख करून देणं वेगळं, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात मान्य केला आहे. म्हणजे दार उघडं आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या शाळांना सूचना दिल्या: इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर आपल्या परंपरा लादू नका, सकाळच्या असेंब्लीत घटनेची प्रास्ताविका म्हणा, सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी जागा ठेवा. हेतू चांगला, काळ पाहता शहाणपणाचाही. पण प्रास्ताविका म्हणणं हेही पाठांतरच. मला हवा आहे तो आठवड्यातला एक तास, जिथे भिंत नसेल आणि मार्कही नसतील.

त्या तासाला फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण उघडता येईल. १५७९ साली गोव्यात आलेल्या इंग्रज जेझुइटाने रचलेलं, १६१६ साली रोमन लिपीत छापलं गेलेलं हे हजारो ओव्यांचं पुराण मुळात नवख्रिस्ती लोकांच्या धर्मशिक्षणासाठीच होतं. कॉन्व्हेंटातल्या माझ्या दहा-अकरा वर्षांत ते नावानेही भेटलं नाही, ना या खोलीत ना त्या. डाबरेला त्यातली गोष्ट ठाऊक असेल, पण ओवी अडेल. कुलकर्णीला ओवीची चाल आजीकडून आलेली असेल, पण आदाम कोण, हे डाबरेला विचारावं लागेल. शेख म्हणेल, हा तर आमचाही. शिकवायला सिस्टर आहेतच. कित्येक जणींनी वर्षानुवर्षं धर्मशास्त्र अभ्यासलेलं असतं. त्यांना तो अभ्यास शाळेत वापरायला सांगितलेलं नाही, इतकंच.