मत्स्याचा एक्का

सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी बसा. सकाळ आहे. घाई कशाचीच नाही.

तळहात उघडा. त्यावर गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांतलं, एक पान आहे, असं समजा.

गोल पान. वजन जवळजवळ नाहीच. वर लाखेचा हात फिरलाय, म्हणून बोटाला गुळगुळीत लागतं. किंचित गारही.

हा मत्स्याचा एक्का. एवढ्याशा गोलात एकच मासा.

माशाकडे अजून पाहू नका.

वायच थांबा.

आधी त्याच्या मागचा रंग. तांबडा असू दे. पिकल्या रतांब्याची साल असते, तसा. चित्रकार याला जमीन म्हणतात. तुमची नजर त्या जमिनीवर नुसती टेकवा.

श्वास आत येतो. तांबडा आहे. श्वास बाहेर जातो. तांबडा आहे.

रंगात शिरायला वाट लागत नाही. पावसाळ्यात दार उघडलं की मातीचा वास सगळाच्या सगळा घरात येतो, तसा तो येतो. कुठून सुरुवात झाली, सांगता येत नाही.

दशावतारी गंजिफात अशी १२० पानं. दहा अवतार, प्रत्येकाची बारा. राजा, प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा. मुरलेल्या खेळणाऱ्याला हातात कोण आलंय ते आधी रंग सांगतो, आकृती नंतर.

तुम्हाला खेळायचं नाही. तुम्ही तांबड्यातच राहा.

अजून एक श्वास.

आता रेघ.

माशाच्या तोंडापाशी या. तिथे काळी रेघ आहे, केसाएवढी. तिच्यावर नजर ठेवा आणि चालू लागा. भरभर नको. एका श्वासात जेवढी होईल तेवढीच.

रेघ पाठीवर चढते. जरा जाड होते. पुढे उतरते, बारीक होते, शेपटीपाशी वळते.

रंग तुमच्याकडे आला होता. रेघेकडे तुम्हाला जावं लागतं.

हात इथून गेलेला आहे. कापडाचे नाहीतर कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने जोडले, वर पांढरा लेप दिला, तो घोटला, रंग भरला, वाळू दिला. आणि मग कुणीतरी श्वास धरून कुंचला टेकवला. तो धरलेला श्वास रेघेत ऐकू येतो का, पाहा.

ऐका.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली असेल. होडी जाळं सोडत मोठं वळण घेते आणि किनाऱ्याला परतते. पाणी तेच असतं. तरी वेढ्याच्या आतलं पाणी आता वेगळं वाटतं.

माशाची रेघ तशीच पडली आहे. आत मासा. बाहेर तांबडं पाणी.

रेघ फिरली नसती तर?

उत्तर नको. नुसतं पाहा.

आणि ताजा बांगडा आठवा, टोपलीतला, नुकता आलेला. निळसर हिरवी पाठ, तिच्यावर डोक्याकडून शेपटीकडे गेलेल्या काळसर रेघा. उन्हात धरला की रंग हलतो, रेघा जागच्या जागी राहतात. मला वाटतं, या किनाऱ्यावरची माणसं रेघ आणि रंग आधी बाजारात शिकतात.

पुन्हा पानाकडे या.

समोर राजवाडा आहे. ही पानं रंगवायची कला विझत आली होती. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी तिला पुन्हा माणसांचे हात मिळवून दिले. आजही दरबार हॉलमध्ये कुणी मान खाली घालून अशीच एक रेघ ओढत बसलेलं असतं. त्यांच्यापुढून आपण पावलं न वाजवता जावं, असं मला नेहमी वाटतं.

ऊन सरकतंय. पानावरची चमक सरकतेय.

या खेळात दिवसा रामाचं पान पुढे होतं आणि दिवे लागल्यावर कृष्णाचं. कुठली वेळ आहे, हे खेळालाही ठाऊक असतं. तुमच्या पानावर आत्ता कुठली वेळ आहे? तांबडा सकाळी होता तेवढाच आहे का? रेघ जवळ आली की लांब गेली?

थांबा. पाहा.

आता पान हलकेच पालथं करा.

पाठीवर काही नाही. एकच रंग, कडेपासून कडेपर्यंत. खेळात पाठीवरून पान ओळखू येऊ नये, म्हणून ती अशी सोडलेली. मासा नाही. रेघ नाही.

श्वास आत. श्वास बाहेर.

त्या कोऱ्या रंगात डोळे अजून एका वळणावरून चालताहेत. तोंडापासून पाठीवर, पाठीवरून शेपटीकडे.

चालू द्या त्यांना.